चंपाषष्ठीची कॅसेट

सुग्रीव मोठा भला माणूस, असं सगळं गाव म्हणतं. गावाचं काय जातं म्हणायला? गावाला तो सप्ताहाला भेटतो, लग्नाला भेटतो आणि झेंडावंदनाला भेटतो. मला तो अठ्ठावीस वर्षं रोज भेटतोय. तेव्हा तो भला आहे की नाही, हे मला ठरवू द्या.

मी त्याची बायको, मनीषा. गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. पोरांची वजनं, गरोदर बायांच्या तारखा, सगळं रजिस्टरात लिहायची सवय आहे, म्हणून हेही लिहिते. समोर मी त्याला अहो-जाहो करते. कागदावर करणार नाही. राग उतरला तर पुढं बघू.

आमची वस्ती अंबड तालुक्यात, गावापासून अर्ध्या कोसावर. बारा घरं, सगळी धनगरांची. वाऱ्याची दिशा बरोबर असली की अंकुशनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येतो आणि हंगामात सुग्रीव तिथं रोजंदारीवर जातो. पण कुणी विचारलं तर तो कारखान्याचं नाव घेत नाही. 'मल्हार साउंड सर्व्हिस' म्हणतो. दोन भोंगे, दोन पेटीस्पीकर, एक मोठं मशीन, तीन माइक आणि एक टेप. जालन्यात एका उस्तादाच्या हाताखाली चार वर्षं राहून शिकला. सासरे मेंढरांमागं फिरायचे, त्यांना वाटायचं पोरगं तारांमागं फिरून राह्यलं, दोन्ही सारखंच. डीजे आले तशी कामं सुटली. आता डीजेवाल्याला परवडत नाही तो माणूस ह्याला बोलावतो, किंवा ज्याला बोललेलं कळायला पाहिजे तो.

वस्तूंशी वागावं तर ह्यानं. वायर गुंडाळताना आठाच्या आकड्यात गुंडाळतो, म्हणजे तिला पीळ पडू नये. माइकवर कुणी 'हॅलो हॅलो' करत टपली मारायला गेला की त्याचा हात हवेतच धरतो. आमदार असो की नवरदेवाचा मामा. "त्याला लागतं," म्हणतो. "आत कागदावानी पातळ पडदा असतो. बोला, मारू नका." माइकच्या पडद्याची एवढी काळजी. बायकोच्या मनाला पडदा असतो की नाही, हे उस्तादानं शिकवलं नसावं.

आता वाटेचं सांगते, कारण सगळं भांडण तिथं आहे.

वस्तीवरून गावात यायला सरळ वाट एकच, रखमाजी आबांच्या वावरातून. गावातले जुने शेतकरी, मोठी जमीन, मोठा शब्द. ह्या वाटेनं आमची पोरं शाळेत जातात, दूध डेअरीला जातं, मेंढरं ओढ्याला जातात, मी अंगणवाडीला जाते. दुसरी वाट ओढ्याच्या कडेनं चार किलोमीटरचा वळसा, आणि पावसाळ्यात तीही नाही.

तेवीस वर्षांपूर्वी, दोन हजार एकच्या चंपाषष्ठीला, आमच्या वस्तीवरच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होता. वाघ्या-मुरळी आलेले, भर दुपारी भंडाऱ्यानं अंगण पिवळं झालेलं. रखमाजी आबा पाहुणे होते. जेवणाआधी त्यांनी माइक मागून घेतला, ताटलीतला भंडारा मुठीत उचलला आणि सांगितलं की वाट तुमची. आमच्यात बेल-भंडारा उचलला की बोलणं संपतं. मेलेला माणूससुद्धा त्याला बांधील असतो म्हणतात.

माझ्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती. डोक्यावर पदर, हातात भरिताची परात. मी तशीच पुढं गेले आणि म्हणाले, "बाबा, कागद करून द्या." मला आठवतं, अगदी परातीची उष्णता आठवते. माझ्या माहेरी असाच एक शब्द दिला गेला होता आणि देणारा मेल्यावर त्या शब्दाची माती झाली होती, म्हणून मी बोलले.

हे मी पुढं तेवीस वर्षं सांगत आले आणि तेवीस वर्षं सगळे म्हणत आले की मनीषा, तू बोललीच नाहीस. सासू म्हणाल्या, तू चुलीजवळ होतीस. जावा म्हणाल्या, तुला स्वप्न पडलं असेल. आणि सुग्रीव तर छातीवर हात ठेवून सांगायचा, "भंडारा उचलल्यावर कागद कोन मागतं? आपल्यात कुनी मागितला न्हाई. आपन शब्दावर चालनारी मान्सं." हे तो अभिमानानं सांगायचा. इतक्या वेळा सांगितलं की मलाच वाटायला लागलं, आपण खरंच मनातल्या मनात बोललो असू. माणसाला खोटं पाडायची ही सगळ्यात सोपी पद्धत आहे. मारावंही लागत नाही.

रखमाजी आबा कोरोनाच्या आधल्या वर्षी गेले. त्यांचा थोरला राधेश्याम कारभार बघायला लागला. चार-पाच वर्षं गुमान होता. गेल्या दिवाळीनंतर त्यानं रानडुकरांसाठी वावराला झटक्याची तार लावली आणि ती सरळ वाटेवरून ओढून घेतली. सोलरचं मशीन, टक्‌ टक्‌ वाजणारं. पोरांनी शाळेच्या पिशव्यांसकट तिथं उभं राहून पाहिलं आणि परत आली.

वस्तीवरची माणसं बोलायला गेली. मीही गेले. राधेश्याम तारेच्या पलीकडं उभा राहून म्हणाला, "बाबांनी वाट दिल्ती, मी कुठं न्हाई म्हन्तो? पन त्या वर्षापुरती. तुमच्या देवाच्या कामापुरती. कायमची द्यायची असती तर कागद झाला असता. कागद मागितला का कुनी? एक मानूस दाखवा."

मी म्हणाले, "मी मागितला होता." राधेश्याम हसला. ते एक वेळ समजू शकते. पण माझा नवरा माझ्याकडं वळून म्हणाला, "तू कव्हा मागितला? उगं मधी बोलू नकू." तारेला हात न लावता मला झटका बसला.

त्याच कार्तिकात अवकाळी पाऊस झाला. काळ्या रानात गुडघाभर चिखल, ओढ्याकडची वाट बंद. पायल, वस्तीवरची बावीस वर्षांची पहिलटकरीण, सकाळी कळा द्यायला लागली. दवाखान्याची गाडी पलीकडच्या रस्त्यावर येऊन उभी होती, दिसत होती. मधे तार. राधेश्याम घरी नव्हता, मशीनला कुलूप होतं. तिला बाजेवर घालून चौघांनी बांधाबांधानं नेलं आणि अर्ध्यात, बाभळीखाली, माझ्या हातात तिचं बाळ आलं. दोघं वाचली. त्यात कुणाचा मोठेपणा नाही, ती नशिबानं वाचली. मी रक्ताच्या हातांनी त्या तारेकडं बघत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या दिवशी ठरलं की ग्रामसभेत विषय घ्यायचा. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. तिथं तार निघाली नाही तर वस्तीला ओढ्याकडचा वळसाच उरणार होता, आणि पावसाळ्यात तोही नाही.

पुरावा काय? तर सुग्रीवची कॅसेट. चंपाषष्ठीला मशीन ह्याचंच होतं आणि वाघ्याची गाणी टेप करायची ह्याला हौस. घरात एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात दोनशेवर कॅसेटी. महिनाभर पेटी उपसून त्यानं ती शोधली. मोठ्या मशीनला लावली तर नुसती खरखर. टेप जुना, फीत झिजलेली, आवाज उंबऱ्याबाहेर न येणारा. मशीनचा आवाज वाढवला तर खरखरही वाढायची, रखमाजी आबा तिच्याखाली गाडलेलेच राहायचे.

तिथं एक डबा कामाला आला. तो दसऱ्याला पार्सलनं आलेला. आमची लेक छकुली जालन्यात फार्मसीला आहे, तिच्या मोबाइलवरून मागवलेला. मला वाटलं, पोरीनं बापाला शर्ट पाठवला. निघाला अर्ध्या विटेएवढा डबा आणि वर काचेच्या दोन नळ्या. हेडफोन लावून ऐकायचा अँप्लिफायर, स्वस्तातला. "उस्तादाकडं असंच नळ्यांचं मशीन व्हतं," तो म्हणाला, "पन ट्रंकेएवढं. गरम झाल्याबिगर बोलायचं न्हाई."

लावला तशा नळ्या लालभडक झाल्या. वस्तीवरची पोरं बघायला जमली. ह्यानं मात्र तोंड वाकडं केलं, डबा उलटा केला, चार स्क्रू काढले. नळ्यांच्या बुडाशी दोन बारके दिवे बसवलेले होते, नुसते शोभेला. "खोटा उजेड," म्हणाला आणि दोन्ही कटरनं तोडून टाकले. मग आतली खरी तार दिसली, विझत आलेल्या चुलीतल्या काडीएवढी. खोट्याचा एवढा तिटकारा असलेला माणूस. हे लक्षात ठेवा.

तेव्हापासून संध्याकाळी कानाला तो हेडफोनचा टोप लावून बसायचा. मी हाका मारायची, भाकरी गार व्हायची. चिडून एकदा म्हणालेही, "बैलाला मुसकं बांधतात, तुम्ही कानाला बांधून घ्या."

तर चंपाषष्ठीची कॅसेट त्यानं ह्या डब्यातून लावली आणि पोरासारखा उडीच मारून उठला. टोप काढून माझ्या कानावर ठेवला. "ऐक! ऐक!" मला लांबून, पण स्वच्छ, रखमाजी आबा ऐकू आले. धाप लागलेला तो जुना आवाज, प्रत्येक वाक्याआधी खाकरणारा. "ह्या वाटेनं जावा. माझी हरकत न्हाई. ह्यो भंडारा उचलून सांगतो." मी पुढचं ऐकायला डोळे मिटले, तर ह्यानं टोप काढून घेतला. "थांब, बाकीचं मी ऐकतो आधी."

बाकीचं त्यानं ऐकलं. मी भाकरी थापत होते, मला एवढंच दिसलं की तो टोप लावून भिंतीकडं तोंड करून बसलाय. मग जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धीच खाल्ली.

"पुढं काय आहे?" मी विचारलं.

"काय न्हाई. फुडं ढोलच हाय."

छकुलीनं फोनवर सांगितलं, "पप्पा, मोबाइलमधी घ्या ना, मी साफ करून देते." तर म्हणाला, "न्हाई. राधेश्याम म्हनंल मोबाइलात बनवलं. आजकाल मेलेल्या मान्साला काय बी बोलाया लावतेत. जशीच्या तशी कॅसेट वाजवायची, गावाम्होरं." हे मात्र त्याचं बरोबर होतं.

"पण हे कानात घालायचं यंत्र," मी म्हणाले. "गावाला कसं ऐकवणार? ओळीनं उभं करून एकेकाच्या कानात घालणार का?"

तेव्हा त्यानं डबा फिरवून मला मागची बाजू दाखवली. मागं चार भोकं. दोनांतून टेपचा आवाज आत जातो, दोनांतून बाहेर पडून मोठ्या मशीनला जाता येतं. "मंग ह्यो हेडफोनचा ऱ्हात न्हाई, ह्याचा प्री-अँप व्हतो," तो म्हणाला. "मोठं मशीन लई ताकदीचं, पन दात नसलेलं. बारीक आवाज त्याला चावत न्हाई. ह्यो आधी चावून त्याच्या तोंडात देतो. माय लेकराला देती तसा." अंगणात लावून दाखवलं. वाघ्याच्या तुणतुण्याची तार पेटीस्पीकरमधून अशी निघाली की शेजारच्या बाया हातातलं टाकून आल्या. मग त्यानं पुढच्या भोकात हेडफोनची पिन घातली. पेटीस्पीकर एकदम बंद. पिन काढली, पुन्हा चालू. "ह्येची खोड हाय. पिन घातली की आवाज एकट्याच्याच कानात. काढली की समद्यांसाठी." मला यंत्रातलं कळत नाही, पण हे कळलं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि सभा गावातल्या खंडोबाच्या सभामंडपात भरली. माइक ह्याचाच असतो, त्यामुळं मशीन तिथंच होतं. शेजारी टेबलावर टेप आणि तो डबा. वस्तीवरचं झाडून सगळं माणूस आलेलं. पायल बाळाला घेऊन खांबाशी बसली होती. राधेश्याम पुढच्या खुर्चीवर, इस्त्रीच्या कपड्यांत. त्याची आई तुळजामाय काठी टेकत आली, ऐंशीच्या पुढची. ती कधी सभेला येत नाही. नवऱ्याचा आवाज ऐकायला मिळणार, असं तिच्या कानावर गेलं होतं.

सरपंच म्हणाले, "जल्दी करा, अजून चार विषय हायेत."

"नळ्या गरम होऊ द्या," सुग्रीव म्हणाला. दोन मिनिटं सगळं गाव दोन काचेच्या नळ्यांकडं बघत बसलं. मग त्यानं टेपचं बटण दाबलं आणि डब्याची खुंटी हळूहळू फिरवली.

खाकरण्याचा आवाज आला आणि म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. "ह्या वाटेनं जावा. माझी हरकत न्हाई. ह्यो भंडारा उचलून सांगतो." प्रत्येक अक्षर वेगळं. तुळजामायनं पदर तोंडाला लावला. सुग्रीवनं तिथंच टेप थांबवला आणि वस्तीची माणसं एकमेकांकडं बघून हसायला लागली, जिंकलो म्हणून. मलाही वाटलं, जिंकलो.

राधेश्याम उठला. तो मूर्ख नाही. "माझ्या बापाचा आवाज हाय, मान्य. पाया पडतो," म्हणाला आणि खरंच टेबलाला हात लावून पाया पडला. "पन ह्यात कायमची म्हनले का कुठं? पिढ्यान् पिढ्या म्हनले का? हरकत न्हाई म्हनले. देवाचं काम चालू व्हतं, तेवढ्यापुरती हरकत न्हाई. मी आधी बी इचारलं, आता बी इचारतो. कायमची व्हती तर ह्या लोकांनी कागद का न्हाई मागितला?"

ग्रामसेवकानं मान डोलावली. सरपंचानं सुग्रीवला विचारलं, "फुडं काय हाय कॅसेटवर?"

"फुडं..." सुग्रीव घुटमळला. "बघून सांगतो." त्यानं पिशवीतून हेडफोन काढला आणि पिन पुढच्या भोकात घातली.

कॅसेट फिरायला लागली. तो एकटाच ऐकत होता, दोन्ही हातांनी टोप कानावर दाबून. त्याच्या कपाळावर घाम, जानेवारीत. मिनिट गेलं. त्यानं टेप थांबवला आणि फीत मागं घेतली. पुन्हा ऐकलं, पुन्हा मागं घेतली आणि पुन्हा ऐकलं. मान हलवली. "ढोल हाय," तो म्हणाला. "नुसता ढोल."

"मंग झालं," राधेश्याम म्हणाला. "लिहा ठरावात, पुरावा न्हाई."

ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं. खांबाशी पायलचं बाळ रडायला लागलं. आणि सुग्रीवचा हात पुन्हा फीत मागं घेत होता. तिसऱ्यांदा.

नुसत्या ढोलासाठी कुणी फीत तीनदा मागं घेत नाही.

त्यानं वर पाहिलं. सरपंचाकडं नाही, राधेश्यामकडं नाही, माझ्याकडं. अठ्ठावीस वर्षांत त्यानं माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. आणि मला कळलं, कॅसेटवर काय आहे ते. त्यानं ते महिनाभर कानात घेऊन फिरवलं होतं. बाई खांद्यावर तान्हं घेऊन समोर बसलीय, बारा घरांची वाट तुटतेय, आणि हा आपली अब्रू टोपाखाली झाकून बसलाय.

मी उठले. बायांमधून, पुरुषांमधून वाट काढत टेबलापाशी गेले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, बसा." मी बसले नाही. माइकला टपली मारणाऱ्याचा हात तो हवेतच धरतो. मी पिनेला हात घातला तेव्हा त्यानं माझा हात धरला नाही. डोळे मिटले फक्त.

मी पिन ओढली आणि टेपचं बटण दाबलं.

"...एक बोलू का? बाबा, कागद करून द्या. उद्या तुमची पोरं न्हाई म्हनतील."

माझाच आवाज. चोविशीतला, लांबून आलेला, घाबरलेला, पण एक शब्दही न गिळलेला. दोन्ही पेटीस्पीकरमधून, सगळ्या गावावर.

"ए! गप!" हा सुग्रीव, माइकच्या अगदी जवळ. "आत जा. देवाचा भंडारा हातात आन् कागद मागती व्हय? लाज न्हाई वाटत?"

मागं पुरुषांचं हसणं. ते हसणंही स्वच्छ आलं. हसणाऱ्यांतले चौघे आज पहिल्या रांगेत बसले होते.

मग खाकरणं. "आरं बोलू दे तिला. बराबर बोलली पोरगी. सुग्रीव, उद्या ये. तलाठ्याकडं जाऊ. कायमची लिहून देतो, अंगठा देतो."

"न्हाई बाबा. तुमचा शब्द हाच आमचा कागद. कागद घेतला तर खंडोबाला काय तोंड दाखवू?"

"बग बाबा. मी तयार हाय."

मग येळकोट येळकोट, आणि मग खरोखरच ढोल. मी टेप बंद केला.

म्हणजे कागद मिळत होता. देणारा अंगठा पुढं करून उभा होता आणि माझ्या नवऱ्यानं तो मोठेपणानं परत केला. वर तेवीस वर्षं मला वेडी ठरवलं. मला तिथं, सगळ्यांसमोर, त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, हे माझं चांगुलपण समजू नका. माझे हात कामात होते, पिन घट्ट धरून होते.

तुळजामाय काठीवर उठली. "राधेश्याम," ती म्हणाली, "तुझ्या बापानं कायमची म्हनलं. म्या माझ्या कानानं ऐकलं. तार काढ."

राधेश्यामचा चेहरा पडला होता. पण गावात राहायचं तर मार्ग काढावा लागतो, आणि तो त्याला लगेच सापडला. तो गाभाऱ्याकडं गेला, ताटलीतला भंडारा मुठीत घेतला आणि हात वर करून म्हणाला, "खंडोबाच्या साक्षीनं सांगतो. आजपास्नं वाट मोकळी. बापाचा शब्द माझा शब्द."

येळकोट येळकोट जय मल्हार! मंडप दणाणला. आमच्या वस्तीच्या माणसांनी टोप्या उडवल्या. सरपंच म्हणाले, "मिटलं! चला, फुडचा विषय." ग्रामसेवकानं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. पहिल्या रांगेतले ते चौघे सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. पुन्हा तेच. मूठभर पिवळी भुकटी आणि सगळे खूश.

मी सुग्रीवकडं पाहिलं. तो हेडफोनची वायर आठाच्या आकड्यात गुंडाळत होता. अर्ध्यात थांबला. वायर खाली ठेवली, माइकचा स्टँड उचलला, माझ्या उंचीला खाली केला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. मशीनच्या मागं जाऊन उभा राहिला, हात खुंटीवर.

मी माइकला दोन टपल्या मारल्या. जोरात. सगळ्या मंडपात ठाक ठाक झालं आणि ओरडणारी माणसं दचकून गप्प झाली. तो हात खुंटीवरच ठेवून उभा होता.

"भंडारा खाली ठेवा," मी म्हणाले. "कागद करा."

ग्रामसेवकानं खिशातून पेन पुन्हा बाहेर काढलं.